गावकुसापासून पोटनियमापर्यंत

गावात आपलं घर कुठं असावं हे कुणी कागदावर लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नाही. महारवाडा कुठल्या अंगाला, मांगवाडा कुठं, पाणवठा कुणाचा, हे रांगत्या पोरालाही ठाऊक. शहरात तसं चालेना. शहरात माणसाची जात कपाळावर लिहिलेली नसते. पैसा टाकला की जागा मिळते असं शहर म्हणतं. मग ज्यांना शेजारी आपण नको होतो त्यांना कागद करावा लागला. त्या कागदाची गोष्ट मी इथं सांगणार आहे.

इतिहास म्हटला की आपली पोरं पेशवाई नि भीमा कोरेगाव काढतात. काढायलाच पाहिजे. पण ज्या खोलीत आपण पाठ टेकतो त्या खोलीलाही इतिहास असतो. उपनगर कुणी वसवलं, प्लॉट कुणाला मिळाला, सोसायटी म्हणजे काय, तिचा पोटनियम म्हणजे काय, हे शाळेत कुणी शिकवत नाही. मी रिंग खात्यात काम करतो. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. पाळी सुटल्यावर जे वाचलं, विचारलं, ते मांडतो. चूक दिसली तर सांगा.

सुरुवात प्लेगपासून करू.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उठला. माणसं पटापट मेली, हजारो लोक शहर सोडून गावाकडं पळाले, गिरण्या ओस पडल्या. गिरणी बंद पडली तेव्हा कुठं सरकारला चाळीतला अंधार दिसला. १८९८ साली कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं काय करायचं? दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, उत्तरेकडं मोकळी जमीन घेऊन नवी वस्ती वसवायची. पाडापाडी झपाट्यानं झाली. पाडलेल्यांना द्यायच्या खोल्या मागं राहिल्या. ज्याची खोली गेली तो शेजारच्या चाळीत घुसला, आणि तिथली गर्दी आणखी वाढली.

उत्तरेकडची मोकळी जमीन म्हणजे दादर, माटुंगा, शीव. शेतं होती, वाड्या होत्या. त्यांच्यावर ट्रस्टनं आखीव रस्ते काढले, झाडं लावली, बागांना जागा सोडली, इमारतींचे नियम ठरवले आणि प्लॉट लांब मुदतीच्या पट्ट्यानं दिले. मुंबईतलं हे पहिलं आखीव उपनगर. आज दादर शहराच्या पोटात आहे, पण तेव्हा ते शहराबाहेर होतं. गाडीचीही सोय झाली. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, १९२८ साली चर्चगेट ते बोरिवली. कारकून, मास्तर, वकील, बँकेतला बाबू आता लांब राहून रोज फोर्टात कामाला जाऊ शकत होता. त्याला गिरगावातली कोंदट खोली नको होती. त्याला संडास घरात असलेला ब्लॉक पाहिजे होता. आणि शेजार आपल्यातला पाहिजे होता.

हा शेजार कसा जमला ते बघा. दादरला पारशी कॉलनी झाली. मंचरजी जोशी यांनी ट्रस्टकडं खेपा घालून पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले. पलीकडं हिंदू कॉलनी झाली. माटुंग्याला दक्षिणेकडचे ब्राह्मण जमले. त्याआधीच, १९१५ साली, गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली होती. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी ती उभी केली. मुंबईतली ही पहिली सहकारी गृहसंस्था मानतात. माणसं कष्टाळू होती, हिशोबाला चोख होती, हे मान्य करायला पाहिजे. थोडे थोडे पैसे जमवून, ट्रस्टची जमीन घेऊन, कर्ज काढून त्यांनी नोकरदार माणसाला घर मिळवून दिलं. पण सहकार हा शब्द आपल्याकडं आला तो जातीचं बोट धरून आला, हेही त्याच सालात लिहिलेलं आहे. पुढं १९२५ साली मुंबईचा सहकारी संस्थांचा कायदा आला. संस्थेनं आपले पोटनियम करायचे, रजिस्ट्रारनं शिक्का मारायचा. सभासद कोण होणार हे पोटनियमात. आणि पोटनियम कोण करणार? जे आधी आत बसलेत ते.

आता त्याच काळात आपली माणसं कुठं होती?

जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. त्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं सिमेंट काँक्रीटच्या चाळी बांधल्या. २०७ चाळी. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास नि नळ मजल्यावर सामाईक. मूळ बेत ५० हजार खोल्यांचा होता, तो तिसऱ्या हिश्श्यावर थांबला. आपली माणसं इथं आली, ट्रस्टच्या चाळींत आली, आणि ज्यांना तेही परवडलं नाही ती झावळ्यांच्या नि पत्र्यांच्या झोपड्यांत राहिली. चाळीतही जात सरकारी छपराखाली मुकाट राहिली. इमारती जातीजातीनं वाटल्यासारख्या भरल्या. वरळीला बौद्धांच्या चाळी निराळ्या नि इतरांच्या निराळ्या. १९७४ च्या जानेवारीत पँथरच्या सभेवर हल्ला झाला, दंगल पेटली, तेव्हा मारामारीची रेषा याच दोन चाळींमधल्या जागेतून गेली. भागवत जाधव त्याच दिवसांत मारला गेला. दंगल एका दिवसात पेटत नाही. ती खोल्या वाटतानाच रचून ठेवलेली असते.

कुणी म्हणेल, तुम्हीसुद्धा दादरला प्लॉट घ्यायचा होता, कुणी अडवलं? पगारानं अडवलं. आणि पगाराला जातीनं. गिरणीत जास्त कमाई साचेखात्यात. तिथं कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा धरील? म्हणून साचेखातं आपल्याला बंद. रिंग खात्यात राहा, कमी पगार घ्या. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. घराचा प्रश्न तिथनं सुरू होतो. ज्याला साचा मिळाला नाही त्याला प्लॉट कुठून मिळणार? १९१५ ला ज्यानं वर्गणी भरली त्याच्या नातवाकडं आज करोडोंचा फ्लॅट आहे. ज्याच्या आजाला साचा नाकारला त्याचा नातू आज भाडं भरतो. यात नातवांची हुशारी मोजू नका. वारसा मोजा.

घर नाकारणं म्हणजे काय असतं हे बाबासाहेबांइतकं कुणी भोगलं? १९१७ साली कोलंबियातून शिकून आलेला हा माणूस बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेला. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक होतं. पारशी खानावळीत पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यात उभे. संध्याकाळपर्यंत चालता हो. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडं विचारून झालं. दोघांनीही घरच्यांचं कारण सांगितलं. शेवटी सार्वजनिक बागेत बसून वेळ काढला नि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. परदेशी पदवी, संस्थानची नोकरी, खिशात भाडं. आणि एक खोली मिळत नाही. जात चोरून राहायचं, आणि उघडी पडली की काठी. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या पुस्तकाचं नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असं आहे ते उगाच नाही. मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली होती.

मुंबईत परळच्या पोयबावडीला ट्रस्टच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या. १९१२ पासून १९३४ पर्यंत, परदेशातले दिवस सोडले तर, हेच त्यांचं घर. एका बाजूला पुस्तकं, एका बाजूला संसार. महाड केलं तेव्हा ते चाळीत राहत होते, गोलमेज परिषदेला गेले तेव्हाही चाळीतच राहत होते. मग त्यांनी घर बांधलं. कुठं बांधलं? दादरच्या हिंदू कॉलनीत. पुस्तकांसाठी जागा ठेवून घराचा नकाशा केला आणि मगध देशाच्या जुन्या राजधानीचं नाव दिलं: राजगृह. १९३५ च्या मे महिन्यात रमाई याच घरात गेल्या. आपण राजगृहाला हात जोडतो आणि निघून येतो. पण जरा थांबून त्याचा पत्ता वाचा. ज्या उपनगराचा शेजार जातीनं जमला होता त्याच्या मधोमध, हिंदू नाव लावलेल्या कॉलनीत, बाबासाहेब घराचे मालक म्हणून राहिले. २०२० च्या जुलैत त्याच घराच्या कुंड्या नि खिडक्या फोडल्या गेल्या. म्हणजे तो पत्ता अजून कुणाला तरी खुपतो.

आता थोडं अमेरिकेकडं जाऊ. आपल्या पँथरनं १९७२ ला नाव घेतलं ते तिथल्या काळ्या पँथरवरून, मग त्यांच्या घराची गोष्टही आपल्याला माहीत पाहिजे.

तिथं प्लॉटच्या खरेदीखतातच कलम घालायचे: ही जागा काळ्या माणसाला विकता येणार नाही. सेंट लुईस शहरात एका रस्त्यावरच्या मालकांनी १९११ साली असा ५० वर्षांचा करार केला होता. १९४५ ला शेली नावाच्या काळ्या कुटुंबानं तिथं घर घेतलं. सहा लेकरं होती त्यांना. क्रेमर नावाचे गोरे कोर्टात गेले, यांना बाहेर काढा म्हणाले. राज्याच्या कोर्टानं क्रेमरचं ऐकलं. ३ मे १९४८ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं. कोर्ट म्हणालं, खाजगी माणसांनी आपसात काय लिहायचं ते लिहावं, पण ते कलम राबवायला सरकारचं कोर्ट वापरता येणार नाही, कारण कोर्ट म्हणजे सरकारच आणि सरकारला भेद करता येत नाही. शेली कुटुंब घरात राहिलं.

पण गोष्ट संपत नाही. त्याच वर्षांत न्यूयॉर्कजवळ लेविट कंपनी लेव्हिटटाउन नावाचं उपनगर उभारत होती. एकसारखी १७ हजारांवर घरं. युद्धावरून आलेल्या सैनिकाला हप्त्यावर स्वस्त घर, आणि कर्जाला सरकारची हमी. १९४७ च्या तिथल्या भाडेपट्ट्यात स्पष्ट कलम होतं की गोऱ्यांशिवाय कुणी राहायचं नाही, घरगडी सोडून. घरगडी चालतो! आपल्याकडंही धुणंभांडी करायला, लिफ्ट चालवायला, गटार काढायला आपलीच बाई नि आपलाच बाप्या चालतो. कर्जाची हमी देणारं सरकारी खातंच अशी कलमं घाला म्हणून सल्ला द्यायचं. कोर्टाच्या निकालानंतर कलम गेलं, चाल गेली नाही. पेनसिल्व्हानियात दुसरं लेव्हिटटाउन झालं. तिथं १९५७ च्या ऑगस्टात मायर्स नावाचं पहिलं काळं कुटुंब राहायला आलं. नवरा सैन्यात राहून आलेला, बायको शिकलेली. रोज रात्री घरासमोर जमाव, दगड, शिव्या. पोलीस उभे करावे लागले. मायर्स हलले नाहीत. देशभर लागू होणारा घरांचा कायदा आला तो १९६८ च्या एप्रिलात, मार्टिन ल्यूथर किंगला गोळी घातल्यावर आठवड्यानं.

शेलीचा निकाल लागला तेव्हा दिल्लीत आपली घटना तयार होत होती. त्याच १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं. ते आज कलम १७. त्यावर १९५५ साली कायदा आला आणि १९७६ ला त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्याचं कलम ४ किती जणांनी वाचलंय? विहीर, हॉटेल, धर्मशाळा सगळ्यांना पाठ. त्याच यादीत एक ओळ घराची आहे. कुठल्याही वस्तीत राहण्याची जागा बांधणं, घेणं किंवा तिच्यात राहणं, यात अस्पृश्यतेवरून आडकाठी करणं हा गुन्हा. कलम १२ आणखी सांगतं की आडकाठी अनुसूचित जातीच्या माणसाला झाली असेल तर ती अस्पृश्यतेवरूनच झाली असं कोर्टानं धरून चालायचं, उलटं दाखवायचं काम समोरच्याचं. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. पाचशे रुपये! सोसायटीच्या गणपतीची वर्गणी याहून जास्त असते.

आता २००५ साल. अहमदाबादला पारशांची एक गृहनिर्माण सोसायटी आहे, १९२५ च्या मुंबईच्या कायद्याखाली १९२६ ला नोंदलेली. तिच्या पोटनियमात सभासद पारशीच पाहिजे असं आहे. एका सभासदाला आपली जागा बाहेरच्यांना विकायची होती. सोसायटीनं अडवलं. गुजरात हायकोर्टानं सोसायटीच्या विरोधात निकाल दिला. १५ एप्रिल २००५ ला सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. म्हणणं असं की संघटना करायचा हक्क घटनेनं दिलाय, भेदभावाला बंदी करणारं घटनेचं कलम १५ सरकारला बांधतं, खाजगी सोसायटीला नाही. पोटनियम हा सभासदांनी आपखुशीनं मान्य केलेला करार आहे. बदल पाहिजे तर कायदेमंडळानं कायदा करावा. १९४८ ला वॉशिंग्टनमध्ये कोर्ट म्हणालं होतं, असा करार राबवायला आम्ही हात देणार नाही. ५७ वर्षांनी दिल्लीत कोर्टानं करार उभा ठेवला.

इथं प्रामाणिकपणे एक गोष्ट बोलली पाहिजे. पारशी मूठभर आहेत. त्यांनी ब्राह्मणालाही बाहेर ठेवलं, बनियालाही. लहान समाजाला एकत्र राहावंसं वाटलं तर त्यात सगळंच वाईट नाही. खुद्द बाबासाहेबांनी वेगळ्या वसाहती मागितल्या होत्या. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत तसा ठराव झाला, आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांची स्वतंत्र गावं वसवण्याची मागणी आहे. मग फरक काय? फरक हा की बाबासाहेब वेगळी वसाहत मागत होते ती जमिनीसकट, गावकीच्या गुलामीतून सुटायला. मारणाऱ्यापासून लांब जाणं आणि भुकेल्याला दारातून हाकलणं, दोन्हीला ‘वेगळं राहणं’ म्हणता येतं म्हणून दोन्ही एक होत नाही. ज्याच्याकडं जमीन, कर्ज, नोकरी सगळं आहे त्यानं कुंपण घातलं की बाहेरच्याची जागा कमी होते. ज्याच्याकडं काहीच नाही त्यानं कुंपण घातलं तर कुणाचं काय गेलं? आणि हेच बाबासाहेब एका हातानं स्वतंत्र गाव मागत होते तेव्हा राहत होते हिंदू कॉलनीत. दोन्ही वाटा त्यांनी उघड्या ठेवल्या. आपल्यातले काही म्हणतात फक्त आपल्या वस्त्या पक्क्या करू, काही म्हणतात त्यांच्या टॉवरात घुसू. मला वाटतं हा वाद खोटा आहे. रमाबाई नगरच्या माणसाला रमाबाई नगरात चांगलं घर मिळालं पाहिजे आणि त्याच्या पोरीला वाटलं तर मुलुंडला, ठाण्याला, पुण्याला कुठंही घेता आलं पाहिजे. कुठं राहायचं ते तिनं ठरवायचं.

आज तिला ठरवता येतं का? १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून संपल्या. चिमण्या पाडून टॉवर उभे राहिले, कामगार विरार-बदलापूरकडं फेकला गेला. २०२५ च्या ऑगस्टात वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट. शंभर वर्षांनी का होईना, ही गोष्ट चांगली झाली. पण जो नोकरीनिमित्त नव्या उपनगरात खोली बघायला जातो त्याला काय विचारतात? मी स्वतः भाड्याची खोली शोधत होतो. एजंटनं आधी पगार विचारला नाही. आडनाव विचारलं. आडनावावरून नीट कळेना तर गाव विचारलं, मग म्हणाला, “नॉनव्हेज खाता का?” मी म्हणालो, कधीमधी. तो म्हणाला, “मालकांचा फोन आला तर कळवतो.” मालकांचा फोन अजून यायचाय. सुखदेव थोरात नि त्यांच्या सोबत्यांनी दिल्ली भागात भाड्याच्या घरांची पाहणी केली, ती २०१५ ला छापून आली. त्यात एकसारख्या चौकशा वेगवेगळ्या आडनावांनी केल्या होत्या. वरच्या जातीच्या आडनावाला कुणी नाही म्हटलं नाही. दलित नि मुसलमान आडनावांना नकार मिळाले, किंवा वाढीव भाडं नि जादा अटी मिळाल्या.

आता या सगळ्या इतिहासाची चाल बघा. गावात कागद नव्हता, रीत होती. शहरात रीत चालेना म्हणून कागद आला: करार, पट्टा, पोटनियम. मग आपला कायदा आला, कागदावर जात लिहिणं धोक्याचं झालं. म्हणून जात पुन्हा कागदावरून तोंडात गेली. आता ती ‘शाकाहारी’ म्हणून बोलते, ‘फॅमिली कल्चर’ म्हणून बोलते, ‘आमच्या लोकांना आवडणार नाही’ म्हणून बोलते. तोंडी नकाराला कलम ४ लावता येत नाही असं नाही, पण सिद्ध कसं करणार? त्यांनी पळवाट काढलीय ती हीच.

मग आपलं काम उलटं आहे. तोंडातली जात पुन्हा कागदावर आणायची.

घर घेताना, भाड्यानं घेताना अर्ज लेखी द्या. पोच घ्या. नकार आला तर लेखी मागा, कारणासकट. देत नसतील तर आपणच पत्र लिहा की अमुक तारखेला तुम्ही अमुक कारण सांगून नाही म्हणालात, आणि ते रजिस्टर पोस्टानं पाठवा. सोसायटीत विकत घेतलं आणि सभासदत्व अडवलं तर ध्यानात ठेवा, सहकार कायद्यात पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, रजिस्ट्रारकडं दाद मागता येते. आपल्या विभागातल्या सोसायट्यांचे पोटनियम मिळवा नि वाचून काढा. वकिली शिकणाऱ्या पोरांनी २००५ चा निकाल नि कलम ४ शेजारी ठेवून वाचावं. पारशाच्या पोटनियमाला कोर्टानं हात लावला नाही, पण अस्पृश्यतेवरून आडकाठी हा गुन्हा आहे आणि कुठल्याही करारानं तो माफ होत नाही. कायदेमंडळानं बदलावं असं कोर्ट म्हणालं. वीस वर्षं उलटून गेली. आपल्या राखीव जागांवर निवडून गेलेल्या किती आमदार-खासदारांनी हे विधेयक मागितलं, त्यांना सभेत उभं करून विचारा. आणि त्या पाचशे रुपयांच्या दंडाचंही विचारा.

शाखेत, वाचनालयात एक वही ठेवा. नकाराची वही. तारीख, विभाग, काय विचारलं, काय म्हणाले. नाव नको असेल तर नाव घालू नका. वर्षभरात वही भरेल. मग आपल्याला कुणी म्हणालं की शहरात आता जात कुठं राहिली, तर भाषण करायची गरज नाही. वही पुढं करायची.